वापरलेल्या मोटारबोटीची खरेदी

वापरलेल्या मोटारबोटीची खरेदी म्हणजे पूर्वी दुसऱ्याच्या मालकीत असलेली, इंजिनावर चालणारी विहारनौका तपासून, तिचे मोल ठरवून आणि तिची मालकी कायदेशीररीत्या आपल्या नावावर करून घेण्याचा व्यवहार होय. खाजगी मोटारबोटींचा प्रसार अमेरिकेत मोठा असल्यामुळे या व्यवहाराच्या पद्धती, तपासणीचे संकेत आणि कायदेशीर तरतुदी तेथे विशेष विकसित झाल्या आहेत. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अमेरिकेतील व्यवहाराचा विचार केला आहे.

जुनी मोटारगाडी आणि जुनी बोट यांच्या खरेदीत एक मूलभूत फरक आहे. बोटीतील सर्वांत खर्चिक दोष सहसा पृष्ठभागावर दिसत नाहीत. ते फायबरग्लासच्या थरांमागील कुजलेल्या लाकडात, इंजिनाच्या आतील गंजात किंवा तळाखाली बसवलेल्या इंधनाच्या टाकीत दडलेले असतात. नव्याने पॉलिश केलेली बोट आतून निकामी असू शकते, तर रंग उडालेली बोट भक्कम असू शकते. त्यामुळे या व्यवहारात किमतीच्या घासाघीशीपेक्षा तपासणीला अधिक महत्त्व दिले जाते.

## पार्श्वभूमी

ओल एव्हिनरूड यांनी १९०९ च्या सुमारास आउटबोर्ड इंजिनाचे व्यापारी उत्पादन सुरू केले आणि लहान होडीलाही यंत्रशक्ती मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर बोटबांधणीत लाकडाची जागा फायबरग्लासने घेण्यास सुरुवात केली. फायबरग्लासची बोट साच्यात घडवता येते. तिची निगा लाकडी बोटीपेक्षा सोपी असते आणि ती अनेक दशके टिकते. या टिकाऊपणामुळेच जुन्या बोटींचा मोठा बाजार निर्माण झाला. अमेरिकेत दरवर्षी विकल्या जाणाऱ्या बोटींमध्ये नव्यांपेक्षा वापरलेल्या बोटींची संख्या अधिक असते.

नव्या बोटीच्या किमतीत पहिल्या काही वर्षांत मोठी घट होते आणि पुढे घसाऱ्याचा वेग मंदावतो. म्हणून कमी खर्चात मोठी किंवा अधिक सुसज्ज बोट मिळवण्यासाठी अनेक जण जुन्या बोटीकडे वळतात. मात्र बोटीचे शरीर आणि तिची यंत्रणा यांचे आयुष्य सारखे नसते. तीस वर्षे टिकलेल्या शरीरात इंजिन, वायरिंग, इंधननळ्या आणि पंप बदलण्याची वेळ एकदा किंवा अनेकदा येऊन गेलेली असते. ही कामे कोणी, केव्हा आणि कोणत्या दर्जाची केली, यावर बोटीचे खरे मोल ठरते.

## चालनव्यवस्थेचे प्रकार

खरेदीदाराने प्रथम बोटीचा उपयोग ठरवणे आवश्यक असते. मासेमारी, जलक्रीडा, कुटुंबासह सहल आणि खुल्या समुद्रातील प्रवास यांसाठी बोटींची रचना वेगवेगळी असते. चालनव्यवस्थेचे तीन मुख्य प्रकार आहेत.

* आउटबोर्ड: यात संपूर्ण इंजिन बोटीच्या मागील आडव्या भिंतीवर, म्हणजे ट्रान्समवर, बाहेरून बसवलेले असते. ते पाण्याबाहेर उचलता येते आणि बदलणेही तुलनेने सोपे असते.
* इनबोर्ड: यात इंजिन बोटीच्या आत असते आणि तळातून बाहेर काढलेल्या दांड्यावर प्रोपेलर बसवलेला असतो.
* स्टर्नड्राइव्ह: यात इंजिन बोटीच्या आत, तर प्रोपेलर फिरवणारा भाग ट्रान्समच्या बाहेर असतो. व्होल्व्हो पेंटा या कंपनीने १९५९ मध्ये ही रचना बाजारात आणली.

स्टर्नड्राइव्हमध्ये आतील व बाहेरील भाग जोडणाऱ्या जागेवर रबराचे लवचीक आवरण असते. त्यास बेलोज म्हणतात. हे रबर कालांतराने ताठर होऊन तडकते. त्यातून आत आलेले पाणी प्रथम बेअरिंग नष्ट करते आणि दुर्लक्ष झाल्यास धक्क्याला बांधलेली बोटही बुडू शकते. बेलोज शेवटचे कधी बदलले, हा प्रश्न म्हणूनच स्टर्नड्राइव्हच्या खरेदीत महत्त्वाचा ठरतो.

सुट्या भागांची उपलब्धताही विचारात घ्यावी लागते. आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन ही कंपनी २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, तर एव्हिनरूड आउटबोर्डचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. अशी इंजिने आजही वापरात आहेत. तथापि त्यांचे भाग आणि जाणकार कारागीर मिळतात का, याची चौकशी आधीच केली जाते.

## ओळख क्रमांक आणि मालकीची कागदपत्रे

### हल ओळख क्रमांक

बोटीच्या मूळ शरीरास हल म्हणतात. अमेरिकेत १९७१ च्या संघीय नौका सुरक्षा कायद्यानंतर, १ नोव्हेंबर १९७२ पासून तयार झालेल्या बोटींच्या हलवर १२ चिन्हांचा ओळख क्रमांक असणे बंधनकारक झाले. मोटारगाडीच्या चासी क्रमांकाशी त्याची तुलना करता येते. हा क्रमांक ट्रान्समच्या बाहेरील बाजूस उजवीकडे वरच्या कडेजवळ असतो. त्यातील पहिली तीन चिन्हे उत्पादक दर्शवतात आणि पुढील पाच अनुक्रमांकाची असतात. १९८४ मध्ये रूढ झालेल्या पद्धतीत शेवटची चार चिन्हे निर्मितीचा महिना, निर्मितीच्या वर्षाचा अखेरचा अंक आणि मॉडेलचे वर्ष सांगतात. उदाहरणार्थ, अखेरीस ‘डी४०५’ असल्यास बोट एप्रिल २००४ मध्ये तयार झालेली आणि २००५ च्या मॉडेलची आहे, असा अर्थ होतो. याच सुमारास हा क्रमांक बोटीच्या आत लपलेल्या जागी दुसऱ्यांदा नोंदवण्याची अट आली. बाहेरचा क्रमांक खरवडलेला असेल किंवा कागदपत्रांशी जुळत नसेल, तर बोट चोरीची असण्याची शक्यता गृहीत धरली जाते.

### मालकी आणि बोजा

बहुतेक बोटींची नोंदणी राज्यस्तरावर होते. किमान ५ निव्वळ टन क्षमतेच्या विहारनौकांना तटरक्षक दलाकडे राष्ट्रीय नोंदणी करण्याचा पर्याय असतो. येथे टन हे वजनाचे नव्हे, तर बोटीतील घनफळाचे माप आहे. राष्ट्रीय नोंदणी असलेल्या बोटीचा मालकी-इतिहास आणि तिच्यावर नोंदवलेली कर्जे यांचा उतारा मागवता येतो.

बोटीवर कर्ज, दुरुस्तीचे थकीत बिल किंवा धक्क्याचे भाडे बाकी असेल, तर तो बोजा सामान्यतः बोटीबरोबर नव्या मालकाकडे येतो. विक्रेत्याने पैसे घेऊन कर्ज फेडले नाही, तर खरेदीदाराची बोट जप्त होऊ शकते. यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेकडून बोजा उतरल्याचे पत्र मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम थेट विक्रेत्याच्या हाती दिली जात नाही. काही बोटींच्या बाबतीत इंजिन आणि ट्रेलर यांची कागदपत्रे वेगळी असतात. तीही स्वतंत्रपणे तपासावी लागतात.

### वादळग्रस्त बोटी

चक्रीवादळात बुडालेल्या किंवा आपटलेल्या बोटी दुरुस्त करून पुन्हा बाजारात येतात. ऑक्टोबर २०१२ मधील ‘सँडी’ वादळात ६५,००० हून अधिक विहारनौकांचे नुकसान झाल्याचा अंदाज बोटमालकांच्या एका संघटनेने वर्तवला होता. नुकसानग्रस्त मोटारगाड्यांची नोंद ठेवणारी जशी देशव्यापी व्यवस्था अमेरिकेत आहे, तशी बोटींसाठी नाही. २०११ मध्ये तयार झालेल्या नौका मालकीपत्राच्या आदर्श कायद्यात हलला गंभीर इजा झाल्याचा शिक्का मालकीपत्रावर उमटवण्याची तरतूद आहे. पण हा कायदा सर्व राज्यांनी स्वीकारलेला नाही. त्यामुळे वादळग्रस्त बोट दुसऱ्या राज्यात नेऊन तिचा इतिहास न सांगता विकली जाण्याची शक्यता उरते. बंद कप्प्यांतील चिखलाची रेघ, एकाच भागातील नवा जेलकोट, विजेच्या जोडण्यांवरील हिरवट गंज आणि नव्या आसनांखालचे जुने गंजके स्क्रू ही बोट बुडून गेल्याची संभाव्य चिन्हे मानली जातात.

## हलची तपासणी

फायबरग्लासच्या अनेक बोटींत काचतंतूंच्या थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्सा लाकडाचा गाभा असतो. तळाला ताठपणा देणाऱ्या आतील लांबट आधारांतही, म्हणजे स्ट्रिंगरमध्ये, जुन्या बोटींत बहुधा लाकूडच असते. फायबरग्लास कुजत नाही, मात्र हे लाकूड कुजते. शिडी, खांब किंवा उपकरण बसवताना पाडलेल्या स्क्रूच्या छिद्राभोवती नीट सील केलेले नसेल, तर तेथून वर्षानुवर्षे पाणी झिरपते. बाहेरील पृष्ठभाग मात्र गुळगुळीतच राहतो.

हा दोष शोधण्याची जुनी आणि अजूनही प्रचलित पद्धत म्हणजे प्लॅस्टिकच्या लहान हातोडीने ठोकून आवाज ऐकणे. भरीव भागातून टणक, स्पष्ट आवाज येतो. थर सुटलेले असतील किंवा गाभा कुजला असेल, तर आवाज बद्द येतो. त्याच्या जोडीला ओलावामापक यंत्र वापरले जाते. मात्र या यंत्राच्या आकड्यांवर आतील धातू आणि पृष्ठभागावरील ओल यांचाही परिणाम होत असल्याने केवळ त्यावरून निष्कर्ष काढला जात नाही.

आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह बोटींत ट्रान्समची तपासणी निर्णायक असते, कारण इंजिनाचा भार आणि रेटा त्यावर पडतो. आउटबोर्ड थोडे वर उचलून त्याचा खालचा भाग हाताने वरखाली दाबल्यास ट्रान्सम हलता कामा नये. तो वाकत असेल किंवा इंजिनाच्या बोल्टभोवती तडे दिसत असतील, तर आतील लाकूड कुजल्याची शंका घेतली जाते. ट्रान्सम किंवा स्ट्रिंगर नव्याने बसवण्याचा खर्च लहान बोटीच्या बाबतीत तिच्या संपूर्ण किमतीहून अधिक होऊ शकतो.

पाण्यात सतत राहिलेल्या बोटीच्या तळावर फोड दिसू शकतात. जेलकोटमधून परासरणाने आत गेलेले पाणी राळेतील विद्राव्य घटकांशी मिसळून दाब निर्माण करते आणि हे फोड उठतात. फोड फोडल्यास व्हिनेगरसारख्या वासाचा द्रव निघतो. थोडे फोड ही सहसा गंभीर बाब नसते, पण संपूर्ण तळ फोडांनी भरला असल्यास दुरुस्ती मोठी असते. बोट वाळल्यावर फोड आकसून दिसेनासे होऊ शकतात. म्हणून ती पाण्याबाहेर काढल्यानंतर लगेच तळ पाहणे श्रेयस्कर ठरते.

जेलकोटवरील प्रत्येक तडा धोकादायक नसतो. कोपऱ्यांतील बारीक तडे अनेकदा केवळ वरच्या जाड थरामुळे पडतात. परंतु एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले तडे आघाताची, तर आधारांच्या रेषेत समांतर पडलेले तडे वारंवार ताण आल्याची खूण असू शकतात.

## इंजिनाची तपासणी

बोटीचे इंजिन दीर्घकाळ मोठ्या भाराखाली चालते. त्याचा वापर किलोमीटरऐवजी तासांत मोजला जातो. खाजगी विहारासाठी वर्षाला साधारण ५० ते १०० तास हा वापर सामान्य समजला जातो. कमी तास चाललेले इंजिन अधिक चांगले, हा समज मात्र पूर्णपणे खरा नाही. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या इंजिनात सील वाळतात, इंधन चिकट होते आणि आतील भाग गंजतात. नियमित चाललेले आणि देखभालीच्या पावत्या असलेले इंजिन त्यापेक्षा विश्वसनीय ठरू शकते.

कॉम्प्रेशन चाचणीत प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजला जातो. सिलिंडरांमधील फरक साधारणतः १० टक्क्यांच्या आत असावा, असा संकेत आहे. तेलाला दुधाळ रंग आला असल्यास त्यात पाणी मिसळल्याचे समजते. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यातील धातूकण आणि मिठाचे अंशही तपासता येतात.

समुद्रात वापरलेल्या बोटीबाबत शीतन पद्धतीची चौकशी आवश्यक असते. काही इंजिनांत समुद्राचे खारे पाणी थेट आतून फिरवले जाते, तर काहींत बंदिस्त शीतनद्रव असतो. पहिल्या प्रकारात धूर बाहेर नेणारे मॅनिफोल्ड आणि त्यावरील रायझर आतून गंजतात. साधारण ५ ते ७ वर्षांनी ते बदलावे लागतात. ते आत फुटल्यास पाणी सिलिंडरमध्ये शिरते आणि संपूर्ण इंजिन निकामी होते. गोड्या पाण्याच्या सरोवरातील बोटींना अधिक किंमत मिळण्याचे हे एक कारण आहे. थंड प्रदेशात मात्र निराळा धोका असतो. हिवाळ्यापूर्वी इंजिनातील पाणी काढून टाकले नाही, तर ते गोठून प्रसरण पावते आणि इंजिनाच्या ब्लॉकला तडा जातो.

## इंधन, वीज आणि सुरक्षा

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये, साचते. बंदिस्त जागेत एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. जुन्या बोटीतील इंधनगळती हा त्यामुळे किमतीचा नव्हे, तर जीविताचा प्रश्न ठरतो. ३१ जुलै १९८० नंतर बांधलेल्या आणि बंदिस्त जागेत पेट्रोल इंजिन असलेल्या बोटींना वाफ बाहेर फेकणारा पंखा लागतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी तो ४ मिनिटे चालवण्याची सूचना लिहिलेली असते. तपासणीत हा पंखा चालतो का आणि त्याची नळी फाटलेली नाही ना, हे पाहिले जाते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढल्यावर इथेनॉल आणि पाणी यांचा वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो. काही जुन्या फायबरग्लास टाक्यांची राळही इथेनॉलमुळे झिजते. ॲल्युमिनियमच्या टाक्या ओल धरून ठेवणाऱ्या फोमच्या संपर्कात बाहेरून गंजतात. टाकी बदलण्यासाठी डेक कापावा लागतो का, यावर दुरुस्तीचा खर्च मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो.

विजेच्या बाबतीत कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारा सागरी वापरास योग्य मानल्या जातात. घरगुती तारा, टेपने गुंडाळलेले जोड आणि फ्यूजशिवाय काढलेल्या जोडण्या या हौशी दुरुस्तीच्या खुणा होत. बिल्ज पंप हाताने आणि तरंगत्या स्विचनेही सुरू होतो का, हे पाहणे आवश्यक असते. एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला वायू बोटीच्या मागील भागात आणि केबिनमध्ये साचू शकतो. त्यामुळे एक्झॉस्टच्या नळ्या गळत नाहीत याची खात्री केली जाते.

जुन्या बोटीवरील सुरक्षासाधने आजच्या नियमांस पुरेशी असतीलच असे नाही. अमेरिकेत २० एप्रिल २०२२ पासून पुन्हा न भरता येणारी अग्निशामके निर्मितीपासून १२ वर्षांनंतर बाद ठरतात. चालक पाण्यात पडल्यास इंजिन बंद करणारा स्विच बसवलेला असल्यास २६ फुटांहून कमी लांबीच्या बोटींत प्रवासादरम्यान त्याची दोरी किंवा तत्सम जोड वापरणे १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. २० फुटांहून लहान, एकसंध तळाच्या बोटींवर प्रवासी व वजनाची कमाल मर्यादा दाखवणारी पट्टी असते. मूळ इंजिन काढून अधिक शक्तीचे इंजिन लावले आहे का, हे या पट्टीवरून कळू शकते.

## चाचणी फेरी

उभ्या बोटीत न कळणारे दोष पाण्यावरील चाचणी फेरीत उघड होतात. खरेदीदार येण्यापूर्वी इंजिन गरम केलेले नसावे, कारण थंड इंजिन सुरू होतानाच अनेक दोष प्रकट होतात. निळसर धूर तेल जळत असल्याचे, तर काळा धूर जादा इंधन किंवा जादा भार यांचे लक्षण असतो. न विरणारा पांढरा धूर न जळलेले इंधन किंवा आत शिरलेले पाणी सूचित करतो.

पूर्ण वेगात इंजिनाने उत्पादकाने सांगितलेल्या फेऱ्यांच्या मर्यादेत पोहोचणे अपेक्षित असते. ते पोहोचत नसल्यास इंजिनातील दोष, अयोग्य प्रोपेलर किंवा तळावर साचलेली शेवाळ व कालवे ही कारणे असू शकतात. फेरीदरम्यान तापमान, तेलाचा दाब, सुकाणूचा प्रतिसाद, गिअर आणि कंपने यांची नोंद घेतली जाते. परतल्यानंतर बिल्जमध्ये पाणी, तेल किंवा इंधन आले आहे का, हे पुन्हा पाहिले जाते. हिवाळ्यात किमती काहीशा उतरतात, पण गोठलेल्या प्रदेशात त्या वेळी चाचणी फेरी शक्य नसते. अशा वेळी काही रक्कम राखून वसंत ऋतूत चाचणीनंतर व्यवहार पूर्ण करण्याची अट घातली जाते.

## सर्वेक्षक

खरेदीपूर्व तपासणी करून लेखी अहवाल देणाऱ्या तज्ज्ञास सागरी सर्वेक्षक म्हणतात. अमेरिकेत विहारनौकांच्या सर्वेक्षकांसाठी सरकारी परवाना नाही. त्यामुळे व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व आणि पूर्वीचे अहवाल पाहून निवड केली जाते. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलची तांत्रिक मानके अशा अहवालांत आधारभूत मानली जातात. शुल्क बहुधा बोटीच्या लांबीनुसार आकारले जाते.

सर्वेक्षकाची नेमणूक खरेदीदाराने स्वतः करणे इष्ट असते. विक्रेता किंवा दलाल यांनी नेमलेल्या व्यक्तीचे हितसंबंध गुंतलेले असू शकतात. सर्वेक्षण प्रामुख्याने हल आणि बोटीवरील यंत्रणांचे असते. इंजिनाच्या आतील स्थितीसाठी त्या प्रकारचा जाणकार तंत्रज्ञ वेगळा नेमावा लागतो. जुन्या बोटीचा विमा उतरवताना अनेक विमा कंपन्याही सर्वेक्षणाचा अहवाल मागतात.

## किंमत आणि करार

किंमत ठरवताना समान मॉडेलच्या अलीकडील विक्रीचे दर, इंजिनाचे तास, पाण्याचा प्रकार आणि सोबतची साधने विचारात घेतली जातात. प्रचलित पद्धतीत खरेदीदार लेखी प्रस्तावासोबत सुमारे १० टक्के इसार देतो. ही रक्कम त्रयस्थाच्या विश्वस्त खात्यात ठेवली जाते. समाधानकारक सर्वेक्षण आणि चाचणी फेरी यांच्या अधीन राहूनच प्रस्ताव दिला जातो. अहवालात दोष आढळल्यास खरेदीदार किंमत कमी करण्याची किंवा दुरुस्तीची मागणी करतो, अथवा इसार परत घेऊन व्यवहारातून बाहेर पडतो. ही अट लेखी नसल्यास इसार गमावण्याची वेळ येऊ शकते. खाजगी विक्रीत बोट बहुधा ‘आहे त्या स्थितीत’ दिली जाते आणि विक्रीनंतर दाद मागणे कठीण असते.

खरेदीची किंमत हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग असतो. विमा, धक्क्याचे भाडे, इंधन, देखभाल आणि हिवाळी साठवण मिळून वर्षाला बोटीच्या किमतीच्या सुमारे १० टक्के खर्च येतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. जुन्या, स्वस्तात घेतलेल्या बोटीत हे प्रमाण त्याहून बरेच वाढू शकते, कारण सुट्या भागांचे दर बोटीच्या वयाप्रमाणे घसरत नाहीत.

## भारतातील स्थिती

भारतात खाजगी विहारनौकांची संख्या मर्यादित आहे. महाराष्ट्रात मुंबई बंदर, मांडवा व अलिबाग परिसर, तसेच गोव्याच्या नद्या आणि किनारा येथे अशा बोटी दिसतात. अंतर्देशीय जलमार्गांवरील यांत्रिक बोटींची नोंदणी आणि सर्वेक्षण १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार होते. महाराष्ट्रात महाराष्ट्र सागरी मंडळ आणि गोव्यात बंदर कप्तान खाते यांचा या कामाशी संबंध येतो. जुनी बोट घेताना नोंदणी प्रमाणपत्र, वैध सर्वेक्षण प्रमाणपत्र आणि विमा यांवरील हल व इंजिनाचे क्रमांक प्रत्यक्ष बोटीशी ताडून पाहणे येथेही तितकेच आवश्यक ठरते.

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवण्याची परंपरा आहे. लहान विहारनौकाही या काळात पाण्याबाहेर काढल्या जातात. तळ आणि प्रोपेलर पाहण्यास हा काळ सोयीचा असला, तरी खवळलेल्या समुद्रामुळे चाचणी फेरी घेता येत नाही. म्हणून तळाची पाहणी पावसाळ्यात केल्यास अंतिम व्यवहार समुद्र शांत झाल्यानंतरच्या चाचणी फेरीवर अवलंबून ठेवणे अधिक सुरक्षित ठरते.